विनोदाला गाव लागते

अद्भुत कथा वाचताना होणारा विस्मय आणि टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रम पाहताना येणारे हसू, दोन्ही उगवतात ते जे जसे असायला हवे तसे नसल्यामुळे. माणूस उडतो, प्रेत बोलते, सरपंच उलटी टोपी घालून ग्रामसभेला येतो. तिन्ही ठिकाणी जगाची नेहमीची घडी मोडलेली असते. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचा स्थायीभाव हास आणि अद्भुताचा विस्मय असा मांडला आहे. हास्याची कारणे सांगताना तिथे विकृत वेष, विकृत अलंकार, विसंगत बोलणे यांची यादी येते. ही यादी थोडी ताणली की अद्भुतातही तीच सामग्री दिसते. दहा तोंडांचा राक्षस एका प्रेक्षकाला थक्क करील आणि शेजारच्याला हसवील. सामग्री एक असूनही परिणाम वेगळा होतो, कारण दोन्ही प्रकार वाचणाऱ्याकडून किंवा पाहणाऱ्याकडून उलट मागण्या करतात.

अद्भुत कथा वाचकाला काहीच ठाऊक नाही असे धरून चालते. तिचे जग लेखकाने नव्याने रचलेले असते, त्यामुळे त्याचे कायदे त्याला सांगावेच लागतात: कोण उडू शकतो, किती उंच, कोणत्या अटीवर आणि काय केले म्हणजे पडतो. टोल्किन यांनी १९३९ च्या आपल्या व्याख्यानात परीकथांविषयी हेच मांडले होते. रचलेल्या जगाचे नियम आतून पक्के असतील तर वाचक त्या जगापुरता विश्वास ठेवतो, आणि नियम ढिले पडले की तो विश्वास तिथेच तुटतो. विनोद नेमका उलट वागतो. समोरच्याला सगळे ठाऊक आहे असे तो गृहीत धरतो आणि बिघडलेले तेवढेच दाखवतो. नियम समजावून सांगावा लागला की विनोद मेला. म्हणून अद्भुताच्या दारात सगळे वाचक सारखेच परके असतात. विनोदाच्या दारात मात्र कोणी घरचा असतो, कोणी पाहुणा, आणि कोणी रस्त्याने जाताना आतला हशा ऐकणारा.

ही विभागणी तपासायला ब्रह्मपुरी ही चांगली जागा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातला हा तालुका वैनगंगेच्या अलीकडे. नदी ओलांडली की गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडचे वडसा. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा होईपर्यंत हा सगळा एकच जिल्हा होता. धान, तलाव आणि जंगल यांचा हा मुलूख झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. ब्रह्मपुरी हे या भागातले शिक्षणाचे गाव असल्यामुळे आजूबाजूच्या खेड्यांतली मुले इथे शिकायला राहतात आणि पुस्तके त्यांच्या हातात पडतात. त्याच मुलांच्या खोलीत मोबाइलवर मुंबईत तयार झालेले विनोदी कार्यक्रम चालू असतात. दिवाळी झाली की ती मुले गावाकडे रात्रभराच्या नाटकाला जातात. छापलेले अद्भुत, पडद्यावरचा विनोद आणि मंडपातला विनोद असे तीन प्रकार इथे एकाच माणसाच्या आठवड्यात मावतात.

मराठी वाचकाला छापील अद्भुताची ओळख जुनी आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी आणि लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) एकाच काळातल्या. नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ ची. वेताळाला खांद्यावर घेऊन चालणारा विक्रमादित्य १९५२ मध्ये मराठीत सुरू झालेल्या ‘चांदोबा’ मासिकाने पुढच्या पिढ्यांच्या घरी पोचवला. नारायण धारपांनी भयकथेला वाड्यातली, माळावरची, तळघरातली मराठी जागा दिली. नंतर ‘हॅरी पॉटर आणि परीस’ सारखे अनुवाद आले. बगदाद, विंध्यारण्य, स्कॉटलंड यांपैकी कुठलेही ठिकाण वाचकाच्या ओळखीचे नव्हते, आणि त्यामुळे कोणाचे वाचन अडल्याचे दिसत नाही.

अडते ते दुसरीकडेच. हॅरी पॉटरच्या मराठी वाचकाला झाडू उडतो हे पहिल्या वाक्यात पटते. बोलणारी टोपीही पटते. त्याला ठेच लागते ती साध्या गोष्टींना: शाळेतल्या मुलांचे चार गट कशासाठी, एका मुलाच्या चुकीने अख्ख्या गटाचे गुण का कापले जातात, मॉनिटरपेक्षा वरचढ असलेला तो विद्यार्थी-अधिकारी कोण, नाताळच्या जेवणात ते फटाके कशाला. या सगळ्या इंग्लंडमधल्या, बहुतेक तिथल्या वसतिगृहाच्या शाळांच्या, चालीरीती. लेखिकेने त्या समजावल्या नाहीत, कारण तिच्या मूळ वाचकाला त्या ठाऊक होत्या आणि पुस्तकातला बराचसा विनोद त्यांच्यावरच उभा आहे. एकाच पुस्तकातली जादू सीमा ओलांडून येते, विनोद नाक्यावर थांबतो. अनुवादक कितीही चांगला असला तरी हे टळत नाही.

ब्रह्मपुरीच्या वाचकाच्या बाबतीत आणखी एक फरक पडतो. युरोपातल्या बहुतेक अद्भुत कथांमध्ये अरण्य हे भयाचे ठिकाण असते: गाव संपते, झाडे दाट होतात आणि गोष्ट सुरू होते. ब्रह्मपुरी वनविभागात मात्र जंगल शेताच्या धुऱ्यापलीकडेच सुरू होते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला माणसे तिथे जातात आणि त्यांतली काही वाघाच्या हल्ल्यात मरतात. वनखात्याची भरपाई, पिंजरा, संतप्त गावकरी हा स्थानिक वर्तमानपत्राचा नेहमीचा मजकूर. अशा वाचकाला पुस्तकातले निषिद्ध अरण्य अद्भुत वाटण्याचे कारण उरत नाही. तिथे जायला मनाई आहे आणि तरी पोरे जातात, एवढे वाचून तो मान डोलावतो. त्याचा विस्मय बर्फ, किल्ला, भुयारी रेल्वे अशा अनपेक्षित जागी पडतो. अद्भुत सगळ्यांना परके करते हे खरे असले, तरी कोण कशापासून परका होईल हे लेखकाच्या हाती नसते.

याहून गंभीर अडचण जादूचीच आहे. कथेतली जादू आनंद देते ती वाचकाचा तिच्यावर पुस्तकाबाहेर विश्वास नसतो म्हणून. तो विश्वास खरोखरचा असेल तर अद्भुत उरत नाही; उरते भीती, किंवा लाठी. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) येथे जादूटोण्याच्या संशयावरून गावकऱ्यांनी वृद्ध आणि बायकांसह सात जणांना बांधून मारहाण केली. जादूटोणाविरोधी कायदा त्याच्या आठ वर्षे आधी, २०१३ मध्ये, नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर झाला होता. या जिल्ह्यांत ‘जादू’ हा शब्द पोलिसांच्या नोंदीतही येतो. म्हणून इथल्या तरुण वाचकाने जादूगारांच्या शाळेची गोष्ट मिटक्या मारत वाचणे ही पळवाट मानणाऱ्या टीकाकारांनी थोडे थांबायला हवे. जादू गोष्टीच्या पानांत कोंडली गेली आणि तिथे तिला कायदे पाळावे लागले, की बाहेरच्या जादूकडे पाहण्याची नजरही बदलू शकते. आजीच्या सांगण्यातल्या जादूला पुरावा लागत नाही. पुस्तकातल्या जादूला प्रत्येक प्रकरणात हिशोब द्यावा लागतो. असा वाचक अंधश्रद्धेकडे झुकतो याला काही आधार दिसत नाही. त्याला उलट चिकित्सेची सवय लागत असावी असे मानायला जागा आहे.

आता टीव्हीवरच्या विनोदाकडे वळायचे. फ्रेंच तत्त्वज्ञ हेन्री बर्गसाँ यांनी १९०० साली हास्यावरच्या आपल्या निबंधात म्हटले की हसू नेहमी एखाद्या गटाचे असते. त्यांनी दिलेले उदाहरण रडण्याचे आहे. प्रवचनात सगळे रडत असताना एक गृहस्थ कोरडा बसलेला असतो. विचारल्यावर तो सांगतो की आपण या वस्तीतले नाही. बर्गसाँ यांच्या मते हे रडण्यापेक्षा हसण्याला जास्त लागू पडते. रंगमंचावर हा प्रश्न आपोआप सुटतो, कारण गट समोर बसलेला असतो. टीव्हीपुढे मात्र माणूस एकटा किंवा घरच्या चौघांत असतो. तो गट कृत्रिमरीत्या पुरवावा लागतो. अमेरिकेत १९५० च्या दशकात चार्ली डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने हशाचे आवाज साठवलेली पेटी बनवली आणि पुढची कितीतरी वर्षे तिथल्या मालिकांमध्ये ती वाजत राहिली.

मराठी वाहिन्यांनी पेटीऐवजी माणसे बसवली. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ मध्ये झी मराठीवर सुरू झाले तेव्हा समोर सोफ्यावर चित्रपटांचे पाहुणे असत. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ मध्ये सोनी मराठीवर आली, तिथे परीक्षक आले. कॅमेरा प्रहसनावर जितका असतो तितकाच या हसणाऱ्या चेहऱ्यांवर. सई ताम्हणकर किंवा प्रसाद ओक हसून हसून खुर्चीत वाकतात, डोळे पुसतात, आणि घरी बसलेल्याला कळते की इथे हसायचे होते. हा दोष म्हणून सांगायचा नाही. समीर चौघुले किंवा विशाखा सुभेदार यांच्या अभिनयाला त्या आधाराची गरज नसते. तरी आधार ठेवला जातो, कारण कार्यक्रम कोकणापासून गडचिरोलीपर्यंत सगळ्यांना विकायचा असतो आणि इतक्या मोठ्या प्रदेशाला सामायिक असे एकच गाव नसते. पाहुण्यांचा सोफा किंवा परीक्षकांची खुर्ची हे त्या नसलेल्या गावाचे बदली गाव.

त्या बदली गावात बोलींचे काय होते, हा ब्रह्मपुरीच्या दृष्टीने खरा प्रश्न. या कार्यक्रमांमध्ये बोली हे पात्र ओळखण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे. मालवणी आली की गजाली, कोल्हापुरी आली की रांगडेपणा, विदर्भाची आली की भोळा किंवा इरसाल खेडूत. अमरावतीकडच्या भारत गणेशपुरे यांनी ‘चला हवा येऊ द्या’त रंगवलेला सरपंच लोकप्रिय झाला तो त्यांच्या वेळ साधण्याच्या कसबामुळे, आणि वऱ्हाडी बोलीला त्यामुळे मान मिळाला हेही खरे. पण मुंबईहून पाहताना वऱ्हाडी आणि झाडी यांत फरक दिसत नाही. दोन्ही ‘विदर्भाची भाषा’. अमरावती ब्रह्मपुरीपासून अडीचशे किलोमीटरांपलीकडे. झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ हे उच्चार नाहीत, तिचे हेल वेगळे, तिच्यावर हिंदीच्या छत्तीसगढी रूपाची आणि गोंडीची सावली आहे. त्यामुळे ब्रह्मपुरीचा प्रेक्षक त्या सरपंचाला पाहून हसतो तेव्हा तो अर्धा घरचा आणि अर्धा पाहुणा असतो. आपल्या नावाने दुसऱ्याचीच बोली दाखवली जात आहे हे त्याला कळत असते, तरी नावापुरता तो खूशही असतो. स्मित ते अतिहसित अशा हास्याच्या सहा पायऱ्या नाट्यशास्त्राने सांगितल्या. या संमिश्र हसण्याला त्यांत जागा सापडत नाही.

आता मंडपात काय घडते ते पाहता येते. झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम दिवाळीनंतर भाऊबीज आणि मंडईच्या जत्रांपासून सुरू होतो, शंकरपटांच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींच्या, दिवसांत भरात येतो आणि होळीच्या सुमाराला ओसरतो. नाट्यमंडळ्यांची कार्यालये वडशात. गावातले आयोजक मंडळ तिथे जाऊन प्रयोग ठरवते, मंडप घालते, तिकिटे विकते. रात्री नऊ-दहाला सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. कौटुंबिक किंवा सामाजिक कथानक, मध्येच गाणी, लावणी, आणि या सगळ्याला समांतर चालणारा एक विनोदी धागा. दंडार आणि खडी गंमत या जुन्या लोकप्रकारांतला सोंगाड्या या धाग्यातून पुढे आला. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातील परशुराम खुणे यांनी आयुष्यभर अशा भूमिका केल्या आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची तुलना नेहमी दादा कोंडक्यांशी केली जाते. ती गौरवाने केली जाते, पण त्यात झाडीपट्टीचा नट मोजायला मुंबईच्या पडद्याचा काटा लागतो हेही दिसते.

इथला विनोदी नट बोलीत बोलतो आणि समोरचे हजारभर लोक घरी तेच बोलतात. मुरलेला नट मेकअपला बसण्याआधी आयोजकांशी चहा पिता पिता चौकशी करून ठेवतो: शेजारचे कोणते गाव या गावाशी भांडते, कोणाच्या बैलजोडीने पट मारला, धानाचा बोनस खात्यात आला की नाही. मग मध्यरात्रीनंतर, नायिका रडून झाल्यावर, यांपैकी एक गोष्ट तो संवादात घालतो. तो हशा मोजून घेण्यासारखा असतो, कारण तो एकदम उठत नाही. ज्यांना संदर्भ आधी लागतो त्यांच्या कोपऱ्यातून निघून तो मंडपभर पसरतो. दुसऱ्या रात्री दहा किलोमीटरवर त्याच वाक्याला कोणी हसणार नाही, म्हणून ते बदलावे लागते. असा विनोद लिहून ठेवता येत नाही, चित्रीकरण करून विकता येत नाही. ज्या गुणामुळे तो मंडपात जिंकतो त्याच गुणामुळे तो वाहिनीवर जाऊ शकत नाही.

मात्र या रंगभूमीला निर्दोष ठरवायचे कारण नाही. तिथेही नायक-नायिका बहुधा प्रमाण मराठीत बोलतात आणि बोली विनोदी पात्राच्या वाट्याला येते. प्रेम करायचे, त्याग करायचा, कोर्टात न्याय मागायचा तो पुस्तकी मराठीत. घसरून पडायचे ते झाडीबोलीत. म्हणजे जी वाटणी मुंबईची वाहिनी करते तीच वडशाचे नाटकही करते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचे व्याकरण, साहित्य आणि दंडारीची परंपरा यांवर कित्येक वर्षे काम केले, बोलीतून गंभीर लेखन व्हावे म्हणून संमेलने भरवली, त्यामागे हीच खंत आहे. फरक एवढाच की वाहिनीवर बोलणाऱ्याला हसणारा त्या बोलीबाहेरचा असतो आणि मंडपात आतला. हा फरक लहान नाही, पण त्याने वाटणी पुसली जात नाही. अलीकडे मुंबई-पुण्याचे कलावंत हंगामापुरते इकडे येतात आणि टीव्हीवरच्या प्रहसनांची लय नाटकांत शिरते. तेव्हा विनोदी धागाही हळूहळू प्रमाण मराठीकडे सरकेल की टीव्हीच्या ‘विदर्भी’ नमुन्याकडे, हे पुढचे हंगाम ठरवतील.

‘अद्भुत सर्वत्र पोचते, विनोद पोचत नाही’ या मांडणीवर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही खरे आहेत. पहिला शरीराच्या विनोदाचा. चॅप्लिनला भाषा लागली नाही. मिस्टर बीन ब्रह्मपुरीच्या पोरांना समजावून सांगावा लागला नाही. पडणे, अडकणे, भूक, नवरा-बायकोचे भांडण यांना लागणारे गाव इतके मोठे असते की त्यात जवळजवळ सगळे राहतात. दुसरा आक्षेप अद्भुत आणि विनोद एकत्र येतात त्या कृतींचा. टेरी प्रॅचेट यांनी १९८३ पासून लिहिलेल्या डिस्कवर्ल्डच्या कादंबऱ्यांमध्ये दोन्ही इतके मिसळले आहेत की वेगळे करता येत नाहीत. मराठीत ‘झपाटलेला’ (१९९३) हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. महेश कोठारे यांच्या या चित्रपटात तात्या विंचू या मेलेल्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो. नियम एकच आणि तो मृत्युंजय मंत्राने ठरवून दिलेला. पुढची सगळी धमाल लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या घाबरण्यातून निघते. बाहुला चालवणारे रामदास पाध्ये स्वतः शब्दभ्रमकार, त्यामुळे तात्या विंचूचे अद्भुत हेही मुळात रंगमंचावरच्या करमणुकीतून आलेले. अद्भुताने इथे विनोदाला नवे गाव बांधून दिले. नियम सुरुवातीलाच सांगून झाला, प्रेक्षक त्या जगाचा रहिवासी झाला आणि मग घरच्यासारखा हसू लागला.

हेच काम झाडीच्या मुलखातली एक फार जुनी कथा करते. गोंडांच्या लिंगोची गाथा परधान गायकांकडून ऐकून स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने नागपूरला टिपून घेतली होती. १८६३ मध्ये नदी ओलांडताना तो बुडाला, आणि त्याचे कागद रिचर्ड टेंपल याने १८६६ मध्ये छापले. त्या गाथेत महादेवाने गोंडांना गुहेत कोंडले आहे, फुलातून जन्मलेला लिंगो आहे, समुद्रातला साप आणि त्याने खाल्लेली प्रचंड पक्ष्याची पिले आहेत. श्रद्धा असणाऱ्या गोंड माणसासाठी हे अद्भुत नाही. हा त्याच्या कुळाचा आणि धर्माचा इतिहास आहे. बाहेरच्या वाचकाने ‘फँटसी’ म्हणून वाचताना एवढे भान ठेवायला हवे. पण त्याच गाथेत मध्येच एक प्रसंग येतो. शिकार भाजायला विस्तव हवा म्हणून लिंगोचा धाकटा भाऊ रिकाड गवाडी नावाच्या राक्षसाच्या शेतात जातो. म्हातारा राक्षस शेकोटीजवळ झोपला आहे. पोरगा जळते लाकूड उचलतो, ठिणगी म्हाताऱ्याच्या अंगावर पडते, तो उठून धावतो, पोरगा विस्तव टाकून पळतो. मग लिंगो स्वतः जातो, झाडावर बसतो आणि भोपळ्याचे तंतुवाद्य छेडतो. माणसे खाणारा राक्षस नाचू लागतो. काय चालले आहे ते पाहायला त्याची बायको येते आणि तीही नाचू लागते. गोंडी गाण्यातून मिशनऱ्याच्या इंग्रजीत, आणि तिथून मराठीत येऊनही हा प्रसंग हसवतो. राक्षसाचे शेत वाचकाने कधी पाहिलेले नसते, पण राखणीला झोपलेला म्हातारा आणि त्याच्यावर नजर ठेवायला आलेली म्हातारी त्याला ब्रह्मपुरीच्या कुठल्याही धुऱ्यावर दिसलेली असतात.